चामडी हाय, भिंत नाय

नारायणभावजी चहाला फुंकर मारत नाहीत, चहाला पंखा लावतात.

म्हणजे खराखुरा उभा पंखा, आमच्या कारखान्यात गणपतींचा रंग सुकवायला लावलेला असतो तो. दहाचा चहा आला की आम्ही बायका कप तोंडाला लावतो आणि भावजी आपला कप उचलून रांगेतल्या शेवटच्या गणपतीच्या पायाशी, उंदराशेजारी नेऊन ठेवतात. मग स्टुलावर बसून राहतात. चहावर साय धरते, साय सुरकुतते, कधी एखादा डास त्यात जीव देतो. त्याला बोटाने बाजूला सारून भावजी तो गारढोण चहा काढ्यासारखा घटाघटा पिऊन टाकतात. मी एकदा म्हटलं, "भावजी, त्यापेक्षा माठातलं पाणी प्या की. मालकांची साखर तरी वाचेल." तर म्हणाले, "नाय वहिनी, चहा प्यायलाच पाहिजे. चहा सोडला तर लोक म्हणतील, ह्याला दुसरंच काय ते चालतं."

आता हे दुसरं म्हणजे काय, ते भावजींचं तोंड बघितलं की कुणालाही वाटतं तेच. गाल लाल, नाक लाल, हनुवटी लाल. लाजल्यावर येते ती लाली नव्हे हो, चटका बसल्यावर येते ती. नाकाच्या दोन्ही बाजूंना बारीक शिरांचं जाळं, आणि त्यावर मधूनमधून पुळ्या. उन्हातून आले की तोंड पेटतं, तिखट खाल्लं की पेटतं, मालक ओरडले की पेटतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पानवाला बसतो, त्याने त्यांचं नाव लालदिवा ठेवलंय. दुपारी भावजी जेवून परत येताना दिसले की तो गिऱ्हाइकाला म्हणतो, "बघ, लालदिवा पेटला. म्हणजे दोन वाजले."

मी मालती. पेणच्या या कारखान्यात मुकुटांना, बाजूबंदांना खडे लावते. माझे यजमान पूर्वी इथेच साच्यावर होते, आता टेम्पो चालवतात. भावजी त्यांचे मित्र, म्हणून ते माझे भावजी आणि मी त्यांची वहिनी. भावजींचं काम बॉडीकलरचं. पांढऱ्यात पिवळा, चिमूटभर लाल, तपकिरीचा एक थेंब, असं ढवळून ते गणपतीच्या अंगाचा रंग असा जमवतात की हात लावला तर ऊब लागेल असं वाटावं. गालांवर रंग फवारायच्या गनने अगदी हलकी गुलाबी छटा मारतात. नितळ, थंड, शांत चेहरे एका रांगेत उभे असतात आणि त्यांच्या पुढून हा तांबडाबुंद माणूस गन घेऊन फिरत असतो. नशिबाची थट्टा म्हणतात ती हीच.

आणि या माणसाने आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही. वडील घेत. मिठागरावर दिवसभर राबायचे आणि मजुरी गुत्त्यावर ठेवून यायचे. ते बघून भावजींनी लहानपणीच आईच्या पायाची शपथ घेतली. पण सांगायचं कुणाला? गाव म्हणतं, खाण तशी माती. भावजींनी जेवणानंतर बडीशेप खाल्ली तर म्हणतात वास मारायला खाल्ली. बडीशेप सोडली तर म्हणतात, आता लाज पण सोडली. सलूनवाला त्यांचा वस्तरा वेगळा ठेवतो. एसटीत त्यांच्या शेजारची जागा गणपतीच्या गर्दीतसुद्धा रिकामी राहते. कुणाच्या हळदीला गेले की तिथले बाप्ये डोळा मारून मांडवाच्या मागे बोलावतात, आणि नको म्हटलं की रागावतात. "घरी एकटाच बसून पितोस, आमच्यात बसायला काय झालं?" अशी गत.

तोंडाला त्यांनी काय काय लावलं नसेल! मुलतानी माती, कोरफड, चंदन. कुणी लिंबू चोळ म्हटलं, तर लिंबू चोळून रात्रभर पंख्यासमोर बसले होते बिचारे. शेवटी सायली, म्हणजे त्यांची मुलगी, हट्टाने त्यांना कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी भावजी कारखान्यात आले ते नातू झाल्यासारखे.

"वहिनी, माझ्या आजाराला नाव हाय! रोझेशिया. पुस्तकात छापलेलं हाय. बाईंनी फोटो दाखवले, परदेशातले गोरे लोक, सगळ्यांची तोंडं माझ्यासारखी!"

मालकांना सांगितलं, सलूनवाल्याला सांगितलं, पानवाल्याला तर दोनदा सांगितलं. पानवाला चुना लावता लावता म्हणाला, "असेल बाबा. देशीलापण इंग्रजी नाव असतंच."

त्या दिवसापासून भावजींचा औषधांचा संसार सुरू झाला. सकाळ-संध्याकाळ एक पारदर्शक जेल. रात्री एक पांढरं मलम. जेवणानंतर एक कॅप्सूल, ती भरपूर पाण्याबरोबर, आणि घेतल्यावर आडवं व्हायचं नाही. कॅप्सूल घेतली की भावजी खांबाला टेकून असे ताठ उभे राहायचे की नवीन आलेल्या गिऱ्हाइकाने एकदा त्यांना ओलांडून पलीकडच्या मूर्तीचा भाव विचारला होता. औषधामुळे ऊन जास्त बाधतं म्हणून छत्री. कारखान्यातून रस्त्यापलीकडच्या नळावर जातानाही छत्री. मलम किती लावायचं? तर वाटाण्याएवढं. बाईंनी सांगितलं, वाटाण्याएवढं. म्हणून भावजींनी खरोखरचा एक सुका वाटाणा खिशात ठेवला आणि बोटावर मलम घेतलं की ते त्याच्या शेजारी धरून बघायचे. माझं कर्म, हसू दाबता दाबता माझे खडे सांडायचे.

त्या पांढऱ्या मलमाचीही एक गंमत झाली. भावजींची बहीण गागोद्याकडे दिलेली, तिच्याकडे बकऱ्या. तिने ट्यूबवरचं नाव कुणाकडून तरी वाचून घेतलं आणि किंचाळली, "दादा, ह्येच तर आमच्या बकऱ्यांना किड्यांवर टोचतात!" भावजी घाबरून डॉक्टरीणबाईंकडे. बाई म्हणाल्या, औषध तेच, पण तुमच्यासाठी वेगळं बनवलेलं. माणसाच्या तोंडावर डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे असतात, सगळ्यांच्याच असतात, तुमच्या तोंडावर जरा जास्त झालेत. भावजींना हे इतकं आवडलं की येईल त्याला सांगत सुटले. "तुमच्यापण तोंडावर किडे हायत, बरं का." डबा खाताना सांगायचे. पॉलिश पेपर मारणारी आमची दीपा त्या दिवशी जेवली नाही.

दीपाच्या तोंडावर पिंपल, आणि ती त्यावर टूथपेस्ट लावायची. भावजींनी तिला असं झापलं की विचारू नका. "दात हायत काय ते? आणि दाबू नको, नख लावू नको, आज लावलं आन् उद्या गेलं असं नसतं. घाई नाय करायची. चामडी हाय, भिंत नाय." हे त्यांचं पालुपद. भिंतीला सफेदा मारला की झाली गोरी. कातडी आतून सुधारावी लागते, तिला वेळ द्यावा लागतो. दीपाला त्यांनी स्वतः बाईंकडे पाठवलं. तिला वेगळी ट्यूब मिळाली, त्या ट्यूबने तिच्या नव्या ओढणीचा रंग उडाला आणि ती भावजींशी आठवडाभर बोलली नाही. पण पिंपल मात्र हळूहळू बसले.

भावजींचंही बसत होतं. खरंच. मी रोज समोर बसते ना, मला दिसत होतं. पुळ्या कमी झाल्या, लाली जरा निवली. पेटणं बंद झालं नव्हतं, पण पेटलं तर तासाभरात विझायचं.

आणि नेमकं तेव्हाच सायलीचं जमलं.

सायली म्हणजे भावजींचं सगळं काही. तिची आई ती शाळेत असतानाच गेली. भावजींनीच तिच्या वेण्या घातल्या, डबे केले. पण एक मला नेहमी खटकायचं. भावजी आपला टॉवेल वेगळा ठेवायचे, उशी वेगळी, तांब्या वेगळा. बाई सांगून थकल्या की हा आजार लागत नाही. भावजी मान डोलवायचे आणि टॉवेल वेगळाच. पोर बापाच्या गळ्यात पडायला आली की हे तोंड फिरवून घ्यायचे.

तर सायली कॉम्प्युटरच्या क्लासला जायची, तिथे रोह्याचा प्रथमेश भेटला. आता तो तिकडच्याच एका कंपनीत शिफ्टला जातो. मुलगा सोन्यासारखा. वडील नाहीत, आई सुमनबाई एका शाळेत खिचडी शिजवते. मुलाने आईला सांगितलं, आईने पेणला कुणाकडे तरी चौकशी केली, आणि ते कुणीतरी नेमकं आमच्या गल्लीतलं निघालं. निरोप आला: मुलगी चांगली असेल, पण पिणाऱ्याच्या घरातली सोयरीक नको.

त्या आईचंही काही चुकीचं नव्हतं हो. नवरा पिऊन पिऊनच मेला होता तिचा. मार खाऊन तिने मुलाला वाढवलं. ती म्हणाली, तो वास एकदा घरातून गेलाय, आता व्याही म्हणून परत दारात नको. सायली बापाला हे सांगायला तयार नव्हती, पण भावजींना कळलंच. प्रथमेशने आईला कसंबसं मनवलं, की एकदा येऊन बघ तरी, बघायला काय जातंय. रविवार ठरला.

त्या दिवसापासून भावजींना धीर निघेना. तोंड बरं होतंय ते त्यांना पुरेना, तोंड साफ हवं होतं, रविवारपर्यंत. गागोद्याच्या बहिणीने एक ट्यूब आणून दिली. तिच्या गावात ती सगळ्यालाच लावतात: नायट्याला, खाजेला, पिंपलला, आणि लग्न ठरलं की गोरं व्हायला. चार दिवसांत साफ, ती म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी भावजींना पहिल्याच दिवशी बजावलं होतं की असली स्टिरॉइडची ट्यूब तोंडाला चुकूनही लावू नका. भावजींना ते पाठ होतं. दीपाला तेच तर सांगायचे. तरी लावली.

आणि काय सांगू, चार दिवसांत तोंड असं गुळगुळीत झालं की पानवाला उठून उभा राहिला! सायली हसत होती, भावजी आरशासमोरून हलत नव्हते. मी सुद्धा म्हटलं, वा, भावजी, हे आधी का नाही लावलंत?

आणि शनिवारी प्रथमेशचा फोन आला. त्यांच्या भावकीत कुणी गेलं. सुतक. सुतकात कसले मुलगी बघायला येतात? पुढे ढकललं.

इकडे भावजी औषधाच्या नेहमीच्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाईंनी तोंड बघितलं आणि कपाळाला हात लावला. काय लावलंत, खरं सांगा. सांगितलं. बाई म्हणाल्या, ही आत्ताच्या आत्ता बंद करा, ही जितकी लावाल तितकी कातडी पातळ होत जाणार. बंद केल्यावर आधीपेक्षा जास्त उठेल, पण तेवढं सोसा, माझी औषधं चालू ठेवा, हळूहळू बसेल. हे त्यांनी भावजींसारख्या माणसाला सांगितलं, ज्याच्या घरी सुतक फिटलं की पाहुणे येणार होते. पण या वेळी भावजींनी ऐकलं. ट्यूब बंद केली.

तिसऱ्या दिवसापासून तोंड उठायला लागलं. पहिल्यापेक्षा दुप्पट. डोळ्यांखालपर्यंत लाल, पुळ्यांमध्ये पू, आणि आग अशी की भावजी ओलं फडकं तोंडावर टाकून बसायचे. कारखान्यातला आखणीवाला, गणपतींचे डोळे रंगवतो तो, मोठ्याने म्हणाला, "करायला गेला गणपती, झाला मारुती!" सगळे हसले. भावजीही हसले. मला नाही हसू आलं.

सुतक फिटलं, रविवार आला. मी स्वयंपाकघरात मदतीला होते. पाहुणे येताना दिसले तसे भावजी आतल्या खोलीतून बाहेर आले, आणि माझ्या हातातली पोह्यांची परात पडता पडता राहिली. तोंड नितळ! गाल सारखे, नाक सारखं, सगळं मानेच्या रंगाचं. गालावर हलकी गुलाबी छटासुद्धा.

"भावजी," मी म्हटलं, "बॉडीकलर लावलात?"

"वहिनी, ओरडू नका. मानेला जुळवून घेतलाय. दोन हात दिलेत."

एप्रिलचं ऊन, वर पत्रा, आणि पाहुणे बसतात न बसतात तोच लाइट गेली. सायलीने चहा आणला. पाहुण्यांसमोर चहा गार करत बसलं तर विचित्र दिसेल म्हणून भावजींनी तो कढत कढत प्यायला. मी दारातून बघत होते. आधी नाकापासून ओठापर्यंत एक भेग गेली. मग दुसऱ्या बाजूला. मग कानाजवळून एक ओघळ निघाला आणि पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर थांबला. मी खुणा करून करून थकले. भावजींनी खिशातून रुमाल काढला आणि सवयीने गाल पुसला. अर्धा गाल रुमालात आला. एका बाजूला गणपती, एका बाजूला मारुती, आणि मधे भावजी बसलेले.

मुलाचा काका वर पत्र्याकडे बघायला लागला. सुमनबाईंनी कप खाली ठेवला.

"हा आजार हाय," भावजी म्हणाले. "रोझेशिया. डॉक्टरची चिठ्ठी हाय माझ्याकडे. मी पीत नाय, बाई. थेंब घेत नाय."

"आजार हाय तर रंग कशाला लावला?" सुमनबाईंनी विचारलं. आवाज अजिबात चढवला नाही. "आमचे पण लपवायचे. बाटली पाण्याच्या टाकीत लपवायचे. लपवणारा माणूस मला कळतो."

पोहे तसेच राहिले. काका म्हणाला, कळवतो. ते गेल्यावर सायली खोबरेल तेलाची बाटली घेऊन बापाजवळ बसली. भावजी मागे सरकले. "तू हात नको लावू गो. मी काढतो." आणि मोरीत जाऊन स्वतःच चोळत बसले, भांडं घासावं तसे. मी बाहेरून ओरडले, अहो सोलाल ते! पण आतून नुसता पाण्याचा आवाज.

नंतरचे दिवस वाईट होते. सायली रडली नाही, बापाला बोल लावला नाही. प्रथमेशचे फोन यायचे, ती उचलून बाहेर जायची. भावजी कारखान्यात यायचे, रंग मारायचे, डबा न उघडता परत न्यायचे. किडे नाहीत, वाटाणा नाही, काही नाही. दीपा मुद्दाम तोंडाला टूथपेस्ट लावून आली, झापून घ्यायला. त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

मग एका दुपारी माझ्यासमोर येऊन बसले. म्हणाले, "वहिनी, एक काम करा. रोह्याला जाऊन त्या बाईंना सांगा, मी मधे येणार नाय. साखरपुड्याला नाय, लग्नाला नाय. कन्यादान मामा-मामी करतील. मी गावाकडे जाऊन राहतो, सायली माहेरपणाला पण मामाकडेच येईल. बापाचं तोंड कुणाला दिसायचं नाय. मुलीला तेवढी करून घ्या म्हणावं."

मी भडकलेच. म्हटलं, "डोकं फिरलंय काय तुमचं? पोरगी ऐकेल हे?" तर म्हणाले, "तिला सांगू नका." आणि हात जोडले. पन्नाशीचा माणूस समोर हात जोडून बसला की काय करायचं? यजमानांना खोटं सांगून मी दुपारची गाडी पकडली. कासू स्टेशन गेलं, निडी गेलं, तरी मी काय बोलायचं ते जुळवतच होते.

सुमनबाई अंगणात तांदूळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं, न सजवता. ती ट्यूब, सुतक, तो रंग, आणि हा निरोप. त्यांचे हात मधेच थांबले.

"लग्नालाच येणार नाय म्हणाला?"

"नाही म्हणाले."

"दारुडा लग्न चुकवत नाय गो," त्या म्हणाल्या. "दारुडा वरातीत सगळ्यांच्या पुढं असतो." आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या. हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. मी पाणी पिऊन परत आले आणि भावजींना सांगितलं, निरोप दिला. त्यांनी एवढंच विचारलं, "काय म्हणाल्या?" मी म्हटलं, काही नाही.

दोन-तीन दिवसांनी, भर दुपारी, कारखान्याच्या दारात सुमनबाई उभ्या. एकट्या. हातात पिशवी. मालकांना वाटलं गिऱ्हाईक. त्या कुणाला काही न विचारता मूर्तींच्या मधून वाट काढत थेट भावजींसमोर गेल्या. भावजींनी गन खाली ठेवली आणि सवयीने तोंड फिरवलं.

"इकडं बघा," सुमनबाई म्हणाल्या. "तोंड उघडा."

"अं?"

"तोंड उघडा म्हणते."

रंगाच्या गनचा कंप्रेसर बंद झाला. आम्ही सगळ्या पदर तोंडाला लावून बघत होतो. भावजींनी डोळे घट्ट मिटले आणि तोंड उघडलं, डॉक्टरसमोर लहान पोर उघडतं तसं. सुमनबाई पुढे झाल्या. अगदी जवळ. नाक त्यांच्या तोंडाशी नेऊन त्यांनी मोठा श्वास घेतला. थांबल्या. पुन्हा एकदा घेतला. मग दोन बोटांनी त्यांची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, एक गाल बघितला, दुसरा बघितला. पुळ्यांवर माशी बसत होती ती हाताने उडवली.

"दुखतं काय?"

"आग होते," भावजी डोळे मिटूनच म्हणाले.

सुमनबाईंनी हात काढला आणि आमच्याकडे वळल्या. "वीस वर्षं त्या वासाशेजारी निजले मी. टाकीत लपवा नायतर बडीशेपेत लपवा, मला कळतो. ह्यांच्या तोंडाला उपाशीपोटाचा वास येतोय नुसता. जेवत नाय काय हा माणूस?" मग पुन्हा भावजींकडे बघून, "तारीख काढा. साखरपुड्याला या, आन् असेच या. रंगबिंग लावलात तर मी उठून जाईन." आणि गाडीची वेळ झाली म्हणून आल्या तशा निघून गेल्या. पाणीसुद्धा घेतलं नाही.

कारखान्यात एकच गलका. मालकांनी पेढे आणायला पैसे काढले, दीपा नाचायला लागली, आखणीवाला मान खाली घालून डोळे रंगवायला लागला. आणि भावजी कुठे दिसेनात. शोधलं तर मागच्या बाजूला, अजून रंग न लागलेल्या पांढऱ्या गणपतींच्या मधे, जमिनीवर बसलेले. डोळ्यांतून पाणी. मला वाटलं आनंदाचंच.

म्हटलं, "अहो भावजी, झालं ना मनासारखं? उठा, सायलीला फोन करा."

"करतो," म्हणाले, पण हलले नाहीत. हनुवटीला हात लावून बसले होते. म्हणाले, "वहिनी, सायलीची आय गेल्यापासून माझ्या तोंडाच्या एवढ्या जवळ कोण आलं नव्हतं."

मी शेजारी बसले.

"त्या बाईला घाण वाटली नसेल ना?"

"नाही हो."

"तोंड नाय ना फिरवलं तिनं? मी डोळे मिटले होते. मला बघायचं नव्हतं."

"नाही फिरवलं, भावजी. मी समोर होते, मी बघितलंय."

त्यांनी मान हलवली. बाहेरून मालक पेढे घ्यायला हाका मारत होते. मी उठायला लागले, तर त्यांनी माझा पदर धरला आणि अगदी हळू विचारलं, "खरंच नाय ना?"